गेमला प्रेस कव्हरेज मिळवून देतो म्हणून १,८५,००० रुपये आणि २५० कीज घेऊन गेला, गेम बनवणाऱ्यांनी वाचाच

आधीच सांगते, फुकट कीज (गेम खात्यात घ्यायचे कोड) मागणारे भामटे काय असतात ते आम्हाला चांगलं माहीत होतं. स्टीमवर, म्हणजे जिथे कॉम्प्युटरचे गेम विकले जातात त्या ऑनलाइन दुकानात, पेज लागलं की दुसऱ्या दिवसापासून "मी क्युरेटर (तिथे लोकांना गेम सुचवणारा) आहे, चाळीस हजार फॉलोअर आहेत, तीन कीज पाठवा" असले मेल सुरू होतात, ते आम्ही न वाचता उडवायचो. त्यामुळे "एवढं पण कळलं नाही का" असं म्हणणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचा आणि मग बोला, कारण गेले तीन महिने मी स्वतःला हाच प्रश्न विचारतेय.

आम्ही तिघं. आतेभाऊ प्रोग्रामिंग बघतो, मैत्रीण आर्ट आणि आवाज, आणि मी डिझाइन, हिशोब, मेल, जाहिरात सगळं. पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली भाड्याने घेतलीय. दीड वर्ष दुसऱ्यांच्या गेमसाठी यूआय आणि थ्रीडी मॉडेल करून पैसे साठवले आणि त्यावर स्वतःचा गेम बनवला. घाटातल्या मुक्कामी एसटीचा कंडक्टर, रात्रीचा प्रवास, गावोगावचे पॅसेंजर, असा. त्यात तिकीट पंच करायचा जो कट्ट आवाज आहे तो मैत्रिणीच्या वडिलांच्या खऱ्या चिमट्याचा आहे. काका रिटायर्ड कंडक्टर. तो चिमटा त्यांनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता, त्या एका आवाजासाठी आम्ही गिरणी बंद व्हायची वाट बघत रात्री साडेदहाला रेकॉर्डिंग केलं.

हे सांगतेय कारण त्या माणसाने बरोबर तिथेच हात घातला.

जूनमध्ये स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येणाऱ्या गेमचे डेमो खेळायला मिळतात त्या महोत्सवात, डेमो ठेवला होता. त्यानंतर मी स्वतः १४० पत्रकारांना मेल केले, प्रेस किट बनवलं, ट्रेलर, स्क्रीनशॉट, लोगो सगळं एका फोल्डरमध्ये. उत्तरं आली तीन. तिन्ही "सध्या जमणार नाही". ज्यांनी हे केलंय त्यांना त्या रिकाम्या इनबॉक्सचं माहीत असेल. आणि जुलैच्या शेवटी या भामट्याचा मेल आला. परदेशातल्या एका मोठ्या गेमिंग साइटसाठी भारतातल्या स्टुडिओंचं काम बघतो म्हणे, सोबत स्वतःची पीआर एजन्सी. आणि मेलमध्ये पहिलंच वाक्य काय, तर तिकीट पंच केल्याचा आवाज दोन दिवस कानातून जात नाहीये. डेमो खेळल्याशिवाय हे कोण लिहील? मैत्रिणीने तो मेल वडिलांना वाचून दाखवला. काका इतके खूश झाले की काय सांगू.

आता कळतंय, डेमो फुकट असतो आणि दहा मिनिटं खेळून एक वाक्य लिहायला काही लागत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट करते, आम्ही रिव्ह्यू विकत घेत नव्हतो. पैसे घेऊन रिव्ह्यू लिहितो म्हणणारा पत्रकार नसतोच, ते आम्हालाही कळतं. हा म्हणाला की रिव्ह्यूचे पैसे नाहीत, त्यात मी पडणार नाही, माझी फी पीआरची, म्हणजे पत्रकारांची यादी, फॉलोअप, एम्बार्गोचं (ठरलेल्या वेळेआधी काही छापायचं नाही ही अट) कोऑर्डिनेशन. अशा एजन्सी खरोखर असतात आणि फी घेतात. ४ ऑगस्टला अ‍ॅडव्हान्स ४५,००० यूपीआयने दिले. मग त्याने एम्बार्गोचं चार पानी अ‍ॅग्रीमेंट पाठवलं, २ सप्टेंबर संध्याकाळपर्यंत कुठल्या साइटवर काय येणार हे कुणालाही सांगायचं नाही, दुसऱ्या डेव्हलपरना तर अजिबात नाही, नाहीतर साइट कव्हरेज रद्द करेल.

माझ्या मते सगळ्यात हुशारीचा भाग हा होता. एम्बार्गो ही खरी गोष्ट आहे, प्रेसमध्ये रोज चालते, म्हणून खटकलं नाही. पण त्याने आमचं तोंड बंद झालं. इंडी, म्हणजे आमच्यासारख्या छोट्या स्वतंत्र डेव्हलपरच्या ग्रुपवर मी रोज असते, शेकडो लोक आहेत, "हा माणूस कुणाला माहीत आहे का" एवढं एक वाक्य टाकलं असतं तर पंधरा मिनिटांत कळलं असतं. नाही टाकलं. खरा एम्बार्गो गेममधल्या मजकुराचा आणि तारखेचा असतो. एजन्सीचं नाव कुणाला सांगू नका असं कुणी सांगितलं तर पहिलं काम म्हणजे चार जणांना विचारा.

मग २१ ऑगस्ट. त्या दिवशी टीम चेरी या स्टुडिओने जाहीर केलं की हॉलो नाइट: सिल्कसाँग, सगळे ज्याची वाट बघत होते तो गेम, ४ सप्टेंबरला येतोय. आमची तारीख ९ सप्टेंबर. जगभरातल्या छोट्या स्टुडिओंनी पटापट तारखा पुढे ढकलल्या, सगळीकडे तेच, की आता महिनाभर प्रेसमध्ये दुसऱ्या कुणाला जागा नाही. रात्री साडेअकराला याचा फोन. "मॅम, मी स्लॉट धरून ठेवलाय पण उद्या दुपारपर्यंतच, फीचर्ड स्लॉटचे ७०,००० अधिक जीएसटी." म्हणजे ८२,६००. आम्ही तिघांनी रात्री दोनपर्यंत डोकं लावलं. आतेभाऊ म्हणाला तारीखच पुढे ढकलू. मी म्हटलं, नाही, स्लॉट हातचा जाईल. हे मी म्हटलं, त्या भामट्याने नाही.

आणि आता तो क्षण. २२ तारखेला सकाळी त्याचं बिल आलं. पत्ता बंगळूरचा, जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, ०७ म्हणजे दिल्ली. हिशोब मी बघते, दर महिन्याला रिटर्नची कटकट मीच करते, हे मला पाठ आहे. मी ते बघितलं. डोळ्यांनी बघितलं आणि मनात म्हटलं की हेड ऑफिस दिल्लीला असेल. मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये खातं अ‍ॅड केलं, तर समोर नाव आलं एका माणसाचं, एजन्सीचं नाही. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी करताना खातेदाराचं नाव बघायची सोय आहे, ती नेमकी याचसाठी आहे, आणि तिने तिचं काम केलं. खाली गिरणी सुरू होती, टेबल थरथरत होतं, हातात फोन, स्क्रीनवर ते नाव. मी त्याला मेसेज केला. दोन मिनिटांत उत्तर, की कंपनीच्या करंट अकाउंटचं ऑडिट चालू आहे, हे आमच्या फायनान्स हेडचं खातं. आणि मी पैसे पाठवले.

जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुठलाही नंबर तपासता येतो. अर्धं मिनिट लागतं. मी ते ३ सप्टेंबरला केलं. दिल्लीतल्या कुठल्यातरी टाइल्सच्या दुकानाचा नंबर निघाला, त्या बिचाऱ्याला माहीतही नसेल.

२६ ला, हरतालिकेच्या दिवशी, अजून ५७,४०० गेले, स्ट्रीमर (गेम लाइव्ह खेळून दाखवणारे) पॅकेज म्हणून. त्याचं बिलसुद्धा नाही, गणपतीनंतर देतो म्हणाला. एकूण १,८५,०००. आणि त्याच्या आधीच २५० कीज दिलेल्या. त्याही साध्या नाहीत, रिलीजच्या आधी गेम खेळता येईल अशा, कारण एम्बार्गोच्या आधी खेळल्याशिवाय पत्रकार लिहिणार कसा, आणि हेही खरंच असतं. पण २५०? कुठल्याही साइटला एक, फार तर दोन लागतात. प्रत्येक साइटची की वेगळी, नावानिशी, तुमच्या हाताने, त्या पत्रकाराच्या ऑफिशियल मेलवर, असंच द्या. क्युरेटर असेल तर क्युरेटर कनेक्ट आहे ना स्टीममध्येच, त्यात की द्यावीच लागत नाही, थेट त्याच्या खात्यात जातं, विकता येत नाही. एक्सेल शीटमध्ये ढीग कुणालाही देऊ नका. कुणालाही नाही.

२ सप्टेंबरला संध्याकाळी साडेसहाला एम्बार्गो उठणार होता. घरी गौरी विसर्जन, मी पाटावर मोबाइल ठेवून रिफ्रेश करतेय. काही नाही. सात. आठ. त्याला मेसेज केला तर एक टिक. फोन बंद. मेलचा पत्ता तेव्हा नीट बघितला तर साइटच्या नावात एक अक्षर जास्त. त्या साइटच्या कॉन्टॅक्ट पेजवरून खऱ्या संपादकांना मेल केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी सभ्यपणे कळवलं की या नावाचा कुणी आमच्याकडे नाही. हा मेल मी २८ जुलैला करू शकले असते. आणि २ तारखेच्या रात्रीच आतेभावाला आमचा गेम, गेमच्या कीज विकणाऱ्या एका साइटवर दिसला, सव्वादोन डॉलरला. आमची किंमत ९.९९ डॉलर, रिलीजला अजून आठवडा. एकाने तर शेवटापर्यंत खेळून व्हिडिओ टाकलेला. स्टीमवर्क्समध्ये (स्टीमचं डेव्हलपरसाठीचं पोर्टल) एकेक की तपासली, २५० पैकी १६३ वापरून झाल्या होत्या. उरलेल्या ८७ लगेच बंद केल्या. त्या १६३ बंद केल्या नाहीत, कारण ज्याने पैसे देऊन घेतली त्याच्या दृष्टीने चोर आम्हीच ठरलो असतो. आणि कीवरून घेतलेल्या गेमचे रिव्ह्यू स्टीम स्कोअरमध्ये धरत नाही, म्हणजे तेवढाही उपयोग नाही.

आता पुढचं, आणि खरं सांगायचं तर यानेच जास्त डोकं फिरलंय.

त्याच रात्री १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. चौथ्या वेळी लागला. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण शेवटचा व्यवहार सात दिवसांपूर्वीचा, पैसे केव्हाच चार खाती फिरून गेलेले. (पैसे गेल्याचं कळलं की त्या तासात १९३० लावा, नातेवाइकांना नंतर सांगा.) दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. साहेब गणपतीच्या बंदोबस्तात. परत गेलो, बंदोबस्तात. अनंत चतुर्दशी ६ ला झाली, ८ ला गेलो तर साहेब रजेवर. बंदोबस्ताचा ताण असतो हे मान्य आहे, ती माणसं दहा दिवस झोपत नाहीत. पण अर्ज घ्यायला एक माणूस नाही? जे हवालदार भेटले त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "गेमिंग म्हणजे ते रमी वगैरे ना? ते तर आता बंद केलं सरकारने." ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो, आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मी उभ्याने वीस मिनिटं समजावलं. मग म्हणे तुम्हीच कायद्यात अडकाल मॅडम, बघा. मला फसवलंय आणि मीच घाबरून घरी जायचं?

मग तिथून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. ठाणं म्हणालं आरोपी बाहेरच्या राज्यातला, सायबरला द्या. अकरा फेऱ्या झाल्या, तारखांसकट लिहून ठेवल्यात. गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात एफआयआर घ्यावाच लागतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, ते प्रिंट काढून नेलं तेव्हा कुठे २९ सप्टेंबरला नोंद झाली, न्याय संहिता ३१८ आणि आयटी अ‍ॅक्ट ६६डी. तुम्हीही प्रिंट काढून न्या. तोंडी कुणी ऐकत नाही. आणि कीज चोरीला गेल्या हे तर कुणी लिहूनच घेईना, "वस्तू कुठेय?" म्हणे. गेमची की ही वस्तूच नाही का? माझ्या मेहनतीचं काम आहे ते.

बँकेत वेगळाच तमाशा. मॅनेजर म्हणाल्या, ओटीपी तुम्हीच टाकला, व्यवहार तुम्हीच केला, त्यामुळे कामाच्या तीन दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य हा नियम इथे लागत नाही. नियम तेव्हा तसा होता हे खरं आहे. पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं उघडताना केवायसी कुणी केलं, हे विचारलं तर "ती आमची शाखा नाही". लेखी मागितलं तर दिलं नाही. तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकलीय.

आतापर्यंत हाताला काय लागलं, तर एका खात्यात ११,३०० रुपये गोठवलेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश लागेल असं सांगितलं. वकिलांनी फी सांगितली १५,०००.

गेम ९ ला रिलीज केला, तारीख बदलायची ताकदच उरली नव्हती. त्यावर आत्ता लिहिणार नाही.

मागच्या आठवड्यात शेवटी सगळं ग्रुपवर टाकलं. लाज वाटत होती, म्हणून एवढे दिवस गप्प होते, आणि गप्प राहिल्यानेच त्याचं फावलं. तासाभरात इंदूरच्या एका मुलाने त्याला आलेला मेल पाठवला. एजन्सीचं नाव नवीन, अ‍ॅग्रीमेंट तेच चार पानी. पहिलं वाक्य, तुमच्या गेममधला पत्र्यावरच्या पावसाचा आवाज दोन दिवस कानातून जात नाहीये. त्याने अजून अ‍ॅडव्हान्स दिला नव्हता, दुसऱ्या दिवशी देणार होता.

तो मेल मी लगेच तपास अधिकाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅप केला. निळ्या टिका आल्यात. आज सहावा दिवस.