म्युकरच्या इंजेक्शनसाठी पैसे पाठवण्याआधी हे वाचा

आमच्या ताईला फसवणारा माणूस फोनवर फार सभ्य बोलायचा. पैशांचं नाव त्याने अगदी शेवटी काढलं. आधी मागितलं ते डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, दाजींचं आधार कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट आणि नाकातल्या नमुन्यात बुरशी सापडल्याचा लॅबचा कागद. हेच सगळं रुग्णालयानेही मागून घेतलं होतं. म्युकर म्हणजे काळी बुरशी, आणि मे 2021 मध्ये तिच्यावरचं मुख्य इंजेक्शन, लायपोसोमल अँफोटेरिसिन, दुकानात मिळतच नव्हतं. साठा केंद्राकडून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला आणि तिथून रुग्णालयांना मोजून मिळायचा. काळाबाजारवाला कागद कशाला बघेल, असं आपण धरून चालतो. म्हणूनच कागद मागणारा माणूस तिला सरकारी रांगेतलाच वाटला.

दाजींना शुगर जुनीच, त्यात कोरोनात स्टेरॉइड दिलेलं. घरी आल्यावर उजवा गाल बधिर झाला, वरचे दात हलायला लागले, मग डोळ्याखाली सूज आली. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यामागे आणि मग मेंदूकडे सरकते, आणि तिची चाल दिवसांत मोजतात. डोस वजनाच्या किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम. दाजी 60 किलोचे, म्हणजे 300 मिलिग्रॅम. एका बाटलीत 50. रोजच्या सहा बाटल्या, तेही काही आठवडे! जिल्ह्याच्या वाटपातून कधी दोन यायच्या, कधी तीन, कधी एकही नाही. उरलेल्या कुठून आणायच्या, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

नंबर नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता, 'कंपनीच्या डेपोतला माणूस, खात्रीचा' असं लिहून. कोणाच्या खात्रीचा, हे विचारलं तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. बाटलीची छापील किंमत तेव्हा सात हजारांच्या आसपास होती. त्याने साडेअकरा सांगितले, निम्मे आधी आणि निम्मे पार्सलचा फोटो आल्यावर. वर म्हणाला, "ताई, कोर्स पूर्ण करा, ऑपरेशन टळेल."

हे वाक्य कुणी म्हटलं की फोन ठेवा. म्युकर रक्तवाहिन्याच बुजवते. रक्त पोहोचत नाही तिथे औषध तरी कसं पोहोचणार? मेलेला भाग खरवडून काढावाच लागतो आणि इंजेक्शन त्याच्या जोडीला चालतं. आमच्या सर्जननी हे स्पष्ट सांगितलं होतं. पण नवऱ्याचा अर्धा जबडा वाचेल असं कोणी म्हणालं, तर कोणत्या बायकोला ते ऐकावंसं वाटणार नाही?

पार्सल औषधांच्या गाडीतून आलं. थर्माकोलचा डबा, आतल्या बर्फाचं पाणी झालेलं. आयसीयूतल्या सिस्टरनी एक बाटली उचलली आणि ओलं लेबल त्यांच्या ग्लोव्हला चिकटून निघालं. खाली दुसरं लेबल होतं, नेहमीच्या वापरातल्या एका अँटिबायोटिकचं. बाटलीतली पूड पांढरीशुभ्र. अँफोटेरिसिनची पूड पिवळी असते. त्यांनी बाकीच्या बाटल्या ट्यूबलाइटखाली धरल्या. बॅच नंबर सगळ्यांवर एकच, एक्सपायरीच्या तारखा मात्र दोन वेगळ्या.

त्या लेबलखाली साधं, जुन्या प्रकारचं अँफोटेरिसिन असतं तर प्रकरण याहून वाईट होतं. तेही पिवळंच असतं आणि लायपोसोमलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, पण त्याचा डोस किलोमागे साधारण 1 मिलिग्रॅम, फार तर दीड. लायपोसोमल समजून पाचच्या हिशोबाने दिलं तर हृदय बंद पडू शकतं. तेव्हा बाहेरून आणलेली बाटली डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी नाकारली, तर त्यांच्यावर डाफरू नका. आणि विकणारा डॉक्टर आहे म्हणून विश्वास ठेवायचा, तर जून 2021 मध्ये दिल्ली पोलिसांनी याच इंजेक्शनची बनावट टोळी पकडली, तिच्यात डॉक्टरही होते.

दाजींना मग जिल्ह्यातून येईल तेवढं लायपोसोमल आणि तुटीच्या दिवसांत साधं, असं दिलं. साध्याने थंडी वाजून ताप भरायचा, पोटॅशियम खाली यायचं, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनवर रोज लक्ष. ऑपरेशन झालं, उजवीकडचा वरचा जबडा गेला. आता कृत्रिम टाळू लावून जेवतात.

पैशांपेक्षा मला जास्त चीड आली ती पुढच्या गोष्टीची. काही दिवसांनी लातूरहून एका मुलाचा ताईला फोन आला. "तुमच्या पेशंटला यांच्या इंजेक्शनने फरक पडला ना?" त्याला खात्री पटावी म्हणून त्या माणसाने दाजींचं प्रिस्क्रिप्शन, आधार आणि ताईचा नंबर पाठवला होता. ती फोन उचलणार नाही असं त्याने गृहीत धरलं असावं. मुलाने अजून पैसे भरले नव्हते, एवढं बरं. मग आम्हाला आठवलं, ताईलाही त्याने कुणा तिसऱ्याच पेशंटचे कागद पाठवले होते, 'हे बघा, कालच दिले' म्हणून.

टंचाई आता सरली आहे, म्युकर सरलेला नाही. बेताल शुगरवाल्यांना, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना तो आजही होतो आणि महागडं औषध म्हटलं की असे नंबर फिरतातच. पैसे जमवण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. म्युकरचे उपचार 2021 मध्येच महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतले गेले होते. ताईला हे शस्त्रक्रियेनंतर कळलं, तेही शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाकडून.

पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ती थांबवता येते. आम्ही उशिरा गेलो, खातं रिकामं होतं. बाटल्या रागाने फेकू नका. डबा, बिल, सुटलेलं लेबल, सगळं तसंच अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे द्या. आणि कुणालाही प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवायचा झाला, तर आधी त्यावर पेनाने आडवं लिहा: कुणासाठी, कुठल्या तारखेला. आधार तर देऊच नका.