तळ्याची तब्येत कशावरून ठरवायची: पाणी, पक्षी की अळ्या?

गावच्या तळ्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं ठरवलंय, पैसा थोडा आहे, माणसं हौशी आहेत. अशा वेळी कोणता निर्देशांक घ्यायचा?

पहिला पर्याय पाण्याच्या तपासणीचा. १९७० मध्ये अमेरिकेत मांडलेल्या जल-गुणवत्ता निर्देशांकात विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना खर्ची पडणारा ऑक्सिजन), सामू, नायट्रेट असे ९ घटक भारांकासह एका आकड्यात बसवतात. ग्रामसभेत तो आकडा पटकन समजतो. पण सरासरीत एखादा घातक घटक झाकला जातो, आणि वेळेनुसार चित्र पालटतं. शेवाळ माजलेल्या तळ्यात भर दुपारी ऑक्सिजन मुबलक दिसतो; तिथेच पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत असतात. हा मार्ग धरलात तर पहाटेचा नमुना घ्याच.

पक्षीगणना स्वस्त, आणि माणसं आनंदाने येतात. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेची चौकट १९८७ पासून तयारच आहे. मात्र पक्षी वाढले म्हणजे तळं सुधारलं असं नाही. ठाण्याच्या खाडीत सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढतं आणि लहान रोहित (फ्लेमिंगो) शेवाळच खातो, म्हणजे घाणीमुळेही पक्षी वाढू शकतात. दुष्काळात आजूबाजूची तळी आटली की उरलेल्या पाण्यावरही गर्दी होते.

कोणत्या जातीचे किती मासे आहेत त्यावरून गुण देणारा माशांचा निर्देशांक आपल्या तळ्या-धरणांत नकोच. जेम्स कार यांनी १९८१ मध्ये तो अमेरिकेतल्या ओढ्यांसाठी बनवला. आपण मात्र रोहू-कटल्याचं बीज सोडतो, म्हणजे मोजलं जाईल ते बीज.

माझा कौल पाणकिड्यांना. काठावरच्या पाणवनस्पतींत जाळी फिरवा आणि पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करा. आधी नुसता चिखल दिसतो. दोन मिनिटं थांबलात की तो हलू लागतो: टाचणी या चतुरासारख्या कीटकाच्या सडपातळ अळ्या, मेफ्लाय या कीटकाची तीन शेपट्यांची पिल्लं, पाणविंचू. ट्रेमध्ये फक्त लाल अळ्या वळवळत असतील तर तळाला ऑक्सिजन कमी असल्याची दाट शंका घ्या. हिमोग्लोबिनमुळे त्या तिथेही तगतात. हे जीव आठवडे-महिने त्याच पाण्यात राहतात, त्यामुळे मधल्या काळात काय घडलं तेही सांगतात.

फक्त पाणकिड्यांच्या कुळांना गुण देणारी ब्रिटनची बीएमडब्ल्यूपी गुणपत्रिका जशीच्या तशी उचलू नका. ती वाहत्या पाण्यासाठी आहे. तिच्यात चतुरांच्या अळ्यांना १० पैकी ८ गुण, पण आपल्याकडचे काही चतुर गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या डबक्यातही वाढतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक मोजपट्टी आपल्या जवळची असली तरी तीही मुख्यतः नद्यांसाठी आहे. म्हणून त्याच तालुक्यातलं, सांडपाणी न मिळणारं एखादं तळं शोधा, एकाच आठवड्यात दोन्हीकडे जाळी टाका, पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. गुण त्या तळ्याशी ताडून द्या.

लोणार मात्र या हिशेबात धरू नका. तिथलं पाणी मुळातच इतकं खारं आणि अल्कधर्मी की मोजकेच जीव तगतात. कुठल्याही सर्वसाधारण निर्देशांकावर ते निरोगी असतानाही नापासच होईल.