ओसीटीच्या रंगांपासून शिकवायचं की डिस्कच्या फोटोपासून? नवीन ऑप्टोमेट्रिस्ट ठेवणाऱ्यांसाठी

गंगापूर रोडला माझ्या मैत्रिणीने दवाखान्यात ओसीटी मशीन (प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजणारं) घेतलंय आणि दोन फ्रेशर ऑप्टोमेट्रिस्ट ठेवलेत, एक सिन्नरची, एक पंचवटीतला. आता ती विचारतेय की यांना ऑप्टिक नर्व्हचे, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे, स्कॅन वाचायला शिकवायचं तर थेट ओसीटीच्या रिपोर्टपासून सुरू करू की आधी फंडस फोटो (डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, त्यात या नसेचं गोल टोक दिसतं ती डिस्क) दाखवू. मी दोन्ही प्रकारे पोरं शिकवलीत आणि दोन्हीकडे तोंडावर पडलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिपोर्टपासून सुरू केलं तर पोरं लवकर कामाला लागतात हे खरंय. हिरवं म्हणजे नसेच्या तंतूंच्या थराची जाडी त्या वयाच्या नॉर्मल लोकांसारखी, पिवळं म्हणजे खालच्या ५ टक्क्यांत, लाल म्हणजे खालच्या १ टक्क्यात, दुपारच्या चहापर्यंत हे पाठ होतं. मशीनच्या डेमोलाही साधारण हेच सांगतात. गोची तिथूनच सुरू होते, कारण मग पोरं नर्व्ह बघतच नाहीत, रंग बघतात.

मी आधी जिथे होते तिथे एका नवीन मुलीने मायनस ८ नंबरवाल्या कॉलेजच्या पोराचा लाल रिपोर्ट बघून त्याच्या आईसमोरच "काचबिंदू दिसतोय" म्हणून टाकलं. आई तिथंच रडायला लागली. खरं तर जाडीच्या ग्राफमधले वरचा आणि खालचा असे दोन्ही उंचवटे छान होते, फक्त टेम्पोरल बाजूला, म्हणजे कानाकडे सरकलेले. जास्त मायनस नंबरच्या डोळ्यांत असं होतं, मशीन मात्र ठरलेल्या जागीच उंचवटा शोधतं आणि तिथे नाही सापडला की लाल रंगवून मोकळं. चूक तिची कमी आणि माझी जास्त, कारण मी तिला रंगच शिकवले होते.

उलटंही होतं बरं का. एखाद्याचा नर्व्ह फायबरचा थर मुळातच जाड असेल तर बराच झिजला तरी रिपोर्ट हिरवाच राहतो. आणि आजार खूप पुढे गेलेला असेल तर थर साधारण ५० मायक्रॉनच्या आसपास येऊन थांबतो, त्याच्या खाली आकडा फारसा जात नाही, कारण उरलेली जाडी रक्तवाहिन्यांची आणि आधार देणाऱ्या पेशींची असते. तिथे दर सहा महिन्यांनी ओसीटी करून "स्टेबल आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही, फील्डच, म्हणजे नजरेच्या कक्षेची तपासणीच, बघावी लागते.

आता फोटो. हे काम हळू चालतं, पहिले दोन आठवडे पोरं कंटाळतात आणि तुम्हीही. पण फोटोत जे दिसतं ते ओसीटीच्या कागदावर येतच नाही. डिस्कच्या कडेचा बारीक रेघेसारखा रक्तस्राव हे सगळ्यात मोठं उदाहरण. निफाडकडच्या एका द्राक्षवाल्या काकांचा रिपोर्ट सगळा हिरवा होता आणि फोटोत खालच्या टेम्पोरल कडेला ती रेघ होती, फोटो शिकलेल्या पोराने ती पकडली. दुसरं म्हणजे फिकेपणा. कप (डिस्कच्या मधला खळगा) मोठा नसतानाही उरलेली रिमच (खळग्याभोवतीची कड) पांढुरकी दिसत असेल तर काचबिंदू सोडून मागे मेंदूच्या बाजूला काही दाबतंय का हा विचार आधी यायला हवा, ओसीटी दोन्हीकडे नुसतं "पातळ" म्हणतं.

फोटोवाल्यांची खोड वेगळी, त्यांना प्रत्येक मोठा कप काचबिंदू वाटतो. मोठ्या डिस्कमध्ये कप मोठाच असतो, म्हणून कप-डिस्कचं प्रमाण ०.७ लिहायच्या आधी डिस्कची साइज लिहायला लावा. आणि एका सपाट फोटोत खोली कळत नाही, तेव्हा रंग कुठे फिका होतो ते सोडून बारीक रक्तवाहिनी कुठे वाकते ते बघायला शिकवा, कपची खरी कड तिथे असते. खालची रिम सगळ्यात जाड, मग वरची, मग नाकाकडची, मग कानाकडची हा नियम सांगा, पण बऱ्याच निरोगी डोळ्यांतही तो मोडतो हेही त्याच दिवशी सांगा.

खर्चाचं म्हणाल तर फोटोला मशीन अडवून ठेवावं लागत नाही. दृष्टी-जीएस म्हणून १०१ फंडस फोटोंचा सेट आहे, मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलमधले फोटो, डिस्क आणि कप चार तज्ज्ञांनी आखून दिलेले. पोरांना आधी स्वतः पेन्सिलने काढू द्यायचं, मग तज्ज्ञांच्या रेघेशी ताडायचं. आपल्याकडच्याच डोळ्यांचे फोटो, हे मला जास्त आवडतं.

मैत्रिणीला मी सांगितलं की तीन आठवडे फक्त फोटो, मग ओसीटी, पण रंगांवर कागद झाकून. आधी सिग्नल स्ट्रेंथ (स्कॅन किती स्वच्छ आलाय त्याचा आकडा) बघ, सिरस मॉडेलच्या मशीनवर १० पैकी ६ च्या खाली असेल तर स्कॅन परत घे, मग मोजणीचं वर्तुळ डिस्कच्या मधोमध आहे का, मग कच्च्या स्कॅनवर मशीनची रेघ थरावरच चाललीय का की मोतीबिंदूमुळे नाहीतर पापणी मिटल्यामुळे भलतीकडे गेलीय, मग ग्राफचा आकार, आणि सगळ्यात शेवटी कागद काढून रंग. तुमच्याकडे पोरं फक्त स्कॅन काढणार असतील आणि वाचणार डॉक्टरच, तर मात्र एवढं करत बसू नका, थेट ओसीटीच शिकवा पण स्कॅनच्या क्वालिटीपासून.

आणि एक, दोन्हीपैकी काहीही निवडा पण पोरांना पेशंटसमोर "काचबिंदू" शब्द काढू देऊ नका, कागदावर लिहायचं "उजव्या डोळ्यात खालची रिम बारीक वाटते, डॉक्टरांनी बघावं", बस.