स्क्रू ट्रॅप की स्नॉर्केल: छोट्या खोऱ्यात सॅल्मनची पिल्लं कशी मोजावीत?

नदीसंवर्धनाचा छोटा गट, मोसमापुरती दोन-तीन माणसं, आणि अनुदानाच्या अर्जात ‘पिल्लांची गणना’ या रकान्यात लिहायला परवडणारी पद्धत एकच. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटलच्या आसपास, प्युजेट साउंड या खाडीला मिळणाऱ्या नद्यांवर काम करणाऱ्या बऱ्याच गटांपुढे हा पेच असतो. आमच्यापुढेही होता. दोन्ही पद्धती राबवून बघितल्या, एक ठेवली, एक सोडली. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून पुढच्या शिक्षणासाठी इकडे येणारी मुलंही कधीमधी हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. फ्राय (नुकती पोहू लागलेली पिल्लं), पार (नदीत वाढणारी), स्मोल्ट (समुद्राकडे निघालेली) हे टप्पे आणि कोहो, चिनूक (दोन्ही सॅल्मनच्या जाती), स्टीलहेड (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट) ही मंडळी पुढे सारखी येतील. ट्रॅपच्या शंकूचा व्यास, तरंग्यांची लांबी वगैरे विक्रेत्याच्या पत्रकात मिळेल, त्यात शिरत नाही.

ट्रॅप म्हणजे खोऱ्याच्या तोंडाशी बसवलेला टोलनाका: तरंग्यांवर टांगलेला, प्रवाहाने फिरणारा शंकू, त्यात शिरलेला मासा मागच्या पेटीत जातो. बाहेर पडणाऱ्यांतले काही पकडायचे आणि त्यावरून एकूण किती गेले याचा हिशेब मांडायचा. स्नॉर्केल म्हणजे घरोघर फिरून केलेली शिरगणती. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, पाणी उतरलेलं असताना, डोहाडोहात तोंड घालून कोण कुठे राहतंय ते बघायचं. अर्ज लिहिताना आपल्याला ‘किती’ आणि ‘कुठे’ दोन्ही हवं असतं, पैसे एकाचेच असतात.

ट्रॅपची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. एखाद्या वर्षी कोहो कमी परतले तर दोष नदीचा की समुद्राचा? किती गेले हे माहीत असल्याशिवाय किती परतले या आकड्यातून काहीच कळत नाही. हूड कॅनॉल या इथल्याच खाडीला मिळणाऱ्या बिग बीफ क्रीक या ओढ्यात सत्तरच्या दशकापासून बाहेर जाणारे कोहो स्मोल्ट मोजले जातात, आणि समुद्रात किती जगतात याचा अंदाज बांधायला ती मालिका फार मोलाची आहे. (तिथे ओढा लहान, म्हणून आडवी जाळी घालून जवळजवळ सगळेच मोजता येतात. तुमचा ओढा तेवढाच असेल तर बाकीचं वाचू नका, जाळीचं बघा.) स्कॅगिटसारख्या मोठ्या नदीवर माउंट व्हर्ननजवळ राज्याचा मत्स्य विभाग नव्वदच्या दशकापासून ट्रॅप चालवतो, तिथे दुसरा मार्गच नाही. शिवाय ट्रॅपमध्ये मासा हातात येतो: लांबी, वजन, खवले, जनुकीय तपासणीसाठी पराचा तुकडा. स्नॉर्केलमध्ये यातलं काही मिळत नाही.

ट्रॅप सगळे मासे पकडत नाही, त्यामुळे तो किती टक्के पकडतो हे सारखं तपासावं लागतं. पकडलेल्या पिल्लांना खूण करायची, म्हणजे फ्राय बिस्मार्क ब्राऊन रंगात ठेवायचे आणि मोठ्यांच्या शेपटीचा कोपरा कातरायचा किंवा पिट टॅग (अँटेनाने वाचता येणारी, ओळखक्रमांकाची इवलीशी चिप) टोचायचा. मग ती ट्रॅपच्या वरच्या अंगाला नेऊन सोडायची आणि पुन्हा किती सापडतात ते बघायचं. समजा १०० सोडली आणि ८ परत सापडली, तर रात्री ४०० पकडली गेली म्हणजे ५,००० गेली असं धरायचं. कागदावर सोपं आहे. पण ही टक्केवारी पाण्याबरोबर हलते. नदी फुगली की एकूण प्रवाहातला शंकूच्या वाट्याला येणारा भाग घटतो. पाणी ओसरलं की शंकू मंदावतो आणि मोठे स्मोल्ट तोंडाशी येऊन वळून जातात. म्हणजे वेगवेगळ्या पातळ्यांना वेगवेगळ्या चाचण्या हव्यात आणि चाचण्यांना पुरतील इतकी पिल्लं हवीत. छोट्या खोऱ्यात घोडं नेमकं तिथेच अडतं.

हे सगळं सोसूनही मी कदाचित ट्रॅपच चालवत राहिलो असतो. मला त्यातून उठवलं ते फांद्यांनी.

पिल्लं बहुतेक रात्री सरकतात, आणि पाऊस पडून नदी चढली, पाणी गढूळ झालं की आणखी जोरात सरकतात. गढुळात शिकाऱ्याला दिसत नाही, प्रवाह आयता पुढे नेतो. त्यांच्या बाजूने बघितलं तर शहाणपणाचंच आहे. पण त्याच चढत्या पाण्याबरोबर काठावरच्या आल्डरच्या फांद्या, उखडलेली मुळं, साचलेला पाचोळाही येतो. मनगटाएवढी एक फांदी शंकू आणि चौकटीच्या मध्ये बसली की शंकू थांबतो. कधी थांबला ते कुणालाच माहीत नसतं. फेऱ्या मोजणारा काउंटर एकूण किती फिरला ते सांगतो, पण तो रात्रभर हळू फिरला की मध्यरात्रीपर्यंत भरभर फिरून मग अडकला, हे त्यावरून कळत नाही. सकाळी जाऊन मागच्या पेटीचं झाकण उघडावं तर आत पाचोळ्याचा लगदा, आणि त्यात दबलेले स्मोल्ट. समुद्राच्या तयारीला लागलेल्या माशाचे खवले सैल झालेले असतात. हात घातला की तळव्याला चंदेरी चुरा चिकटून येतो, आणि ज्यांच्या अंगावरून तो निघाला ते मासे सोडून दिले तरी पुढे जगतील याची खात्री कुणी देत नाही.

मग पूर येणार असं दिसलं की शंकू आधीच उचलून ठेवायचा. माशांसाठीही ते बरं आणि दोरांवर लटकून काम करणाऱ्या माणसांसाठीही. पण त्यामुळे होतं असं की जास्तीत जास्त मासे जाण्याची शक्यता असलेल्या रात्रीच वहीत कोऱ्या राहतात. त्या नंतर आगेमागच्या दिवसांवरून अंदाजाने भरायच्या. मे महिन्यात, कोहो स्मोल्टच्या ऐन भरात अशा काही रात्री गेल्या, की हंगामाच्या एकूण आकड्याशेजारी जो भलामोठा ‘कमी-जास्त’ लिहावा लागतो तो वाचून अनुदान देणारे विचारतात, ‘मग वाढले की घटले?’ प्रश्न रास्त असतो आणि उत्तर नसतं. कोऱ्या रात्री भरण्याची चांगली सांख्यिकी प्रारूपं आहेत हे मान्य. ज्यांच्याकडे पगारावर संख्याशास्त्रज्ञ आहे त्यांना हे दुखणं एवढं जाचणार नाही. रात्रपाळी लावूनही बराच फरक पडतो म्हणतात. पण ट्रॅपचे पैसे एकदा जातात, माणसांचे रोज जातात, आणि हंगाम हिवाळ्याच्या अखेरीपासून जुलैपर्यंत शनिवार-रविवारसकट चालतो.

स्नॉर्केलचं सामान गाडीच्या डिकीत मावतं: ड्रायसूट, मास्क, नळी, दिवा, लिहायला मनगटावर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी आणि पेन्सिल. काम मात्र अंग मोडणारं. गोट्यांवर कोपरं टेकत खालून वर सरपटायचं, म्हणजे प्रवाहाकडे तोंड करून उभ्या माशांच्या आपण मागून येतो आणि ढवळलेला गाळ आपल्याही मागे वाहून जातो. आडव्या ओंडक्याच्या आडोशाला, पाणी थबकतं तिथे कोहोचे पार थव्याने तरंगत असतात. पोटाखालचा मागचा पर नारिंगी, त्याची पुढची कड पांढरीशुभ्र, ती एकदा नजरेत बसली की विसरत नाही. जरा बाहेर, वेगाच्या पाण्यात स्टीलहेड, एकेकटे, आपापली जागा अडवून. शंकूच्या पेटीतला मासा तुम्हाला फक्त तो इथे आला एवढं सांगतो. इथे तो कशाच्या आधाराने राहतो तेही दिसतं, आणि आमचा तर प्रश्नच तो होता: नदीत ओंडके रचले त्या टप्प्यात पिल्लं जास्त आहेत का?

याच कारणासाठी मला वाटतं छोट्या गटाला ‘कुठे’ हे उत्तर जास्त कामी येतं. एक उदाहरण देतो. २०२० च्या अखेरीस इथल्याच संशोधकांनी दाखवून दिलं की टायरमध्ये वापरल्या जाणाऱ्या ६पीपीडी या रसायनापासून ६पीपीडी-क्विनोन तयार होतं, पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात उतरतं आणि अंडी घालायला आलेले कोहो त्याने मरतात. हमरस्त्याचं पाणी घेणाऱ्या एखाद्या शाखेत हिवाळ्याच्या तोंडावर असं झालं, तर पुढच्या उन्हाळ्यात त्या शाखेचे डोह ओस दिसतील. ओस पडण्याची कारणं दुसरीही असतात, पण निदान कुठे शोधायचं ते कळतं. ट्रॅपवर बसलेल्याला ही घट फार तर एकूण आकड्यातली थोडी कमतरता म्हणून जाणवेल, तीही त्या ‘कमी-जास्त’मध्येच विरून गेलेली.

स्नॉर्केलची दुखणीही कमी नाहीत. दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो, त्यामुळे तो निर्देशांक म्हणूनच वापरावा. दोन माणसांच्या नजरा सारख्या नसतात. पाणी साधारण ९-१० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की पिल्लं दिवसा गोट्यांखाली दडतात, मग रात्री दिवा घेऊन उतरण्याशिवाय गत्यंतर नाही. पहिल्या वर्षातले स्टीलहेड आणि कटथ्रोट (ट्राउटचीच दुसरी जात) पाण्याखाली खात्रीने वेगळे करता येत नाहीत. ‘ट्राउट फ्राय’ म्हणून एकत्र लिहावेत, उगाच तज्ज्ञपणा दाखवू नये.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट चिनूकची. प्युजेट साउंडमधली चिनूकची पिल्लं बहुतांश पहिल्याच वर्षी, उन्हाळा मध्यावर येईपर्यंत निघून गेलेली असतात. ऑगस्टमध्ये त्यांना डोहात शोधण्यात अर्थ नाही. तुमचा प्रश्न चिनूकचा असेल तर माझ्या आवडीनिवडी बाजूला ठेवा, ट्रॅपच घ्या. कोहो मात्र वर्षभर गोड्या पाण्यात काढतो, स्टीलहेड त्याहून जास्त, त्यामुळे उन्हाळी मोजणी त्यांना लागू पडते. ओरेगनच्या किनारी नद्यांत १९९८ पासून राज्याच्या विभागाने कोहोसाठी हीच वाट धरली: यादृच्छिक निवडलेल्या टप्प्यांवर उन्हाळ्यात स्नॉर्केल. आमची पद्धत त्याचीच लहान आवृत्ती म्हणा.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. पाठीवरच्या यंत्राने विजेचा झटका देऊन पकडणं उथळ ओढ्यांत उपयोगी पडतं, जिथे पोट टेकतं पण मास्क बुडत नाही. पण त्याने माशांच्या कण्याला इजा होऊ शकते, आणि संघराज्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाणी १८ अंशांवर गेलं की थांबावं लागतं. म्हणजे नेमक्या उन्हाळ्यातल्या दुपारी गेल्या. पिट टॅग आणि नदीतळाच्या अँटेना मला मनापासून आवडतात. तुम्ही कोलंबियाच्या खोऱ्यात असाल तर त्यांचा पहिला विचार करा, कारण तिथे बॉनव्हिलसारख्या धरणांवर टॅग वाचले जातात आणि सगळ्या नोंदी एका सामायिक कोठारात जमा होतात, म्हणजे तुमच्या माशाचा माग दुसरे लोक फुकट काढून देतात. प्युजेट साउंडमध्ये तेवढे कान जागे नाहीत. शिवाय टॅग टोचायला आधी मासा पकडावा लागतोच. पाण्यातल्या डीएनएवरून जात आहे की नाही हे छान कळतं, पण किती आणि कुठल्या वयाची हे त्यातून काढणाऱ्यांवर मी अजून विसंबत नाही.

परवाने कशालाही लागतात. इथले चिनूक १९९९ पासून आणि स्टीलहेड २००७ पासून धोक्यातल्या जातींच्या संघराज्य यादीत आहेत. ट्रॅपसाठी किती मासे हाताळणार आणि त्यात किती मरतील हे आधीच लिहून द्यावं लागतं. तो रकाना भरताना पेन जरा अडखळतं, निदान माझं तरी. स्नॉर्केलमध्ये मासे बिथरतात, पण हाताला लागत नाहीत.

अर्ज पाठवण्याआधी एक फोन मात्र कराच. जमातींचा करारातला मासेमारीचा हक्क मान्य करणाऱ्या १९७४ च्या बोल्ट निकालानंतर इथल्या आदिवासी जमाती राज्याच्या बरोबरीने मत्स्यव्यवस्थापन करतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांचे स्वतःचे ट्रॅप आहेत. स्कायकोमिश आणि स्नोक्वाल्मी या नद्यांवर ट्युलालिप जमातीचे आहेत. तुमच्या उपनदीच्या खाली कुणीतरी आधीच ट्रॅप चालवत असेल, तर खोऱ्याचा एकूण आकडा त्यांच्याकडून मागून घ्या आणि तुमचे पैसे वरच्या डोहांवर घाला. आमचं पारडं स्नॉर्केलकडे झुकायला हेही एक कारण होतं. पहिल्या उन्हाळ्यात काही डोह दोघांनी एकामागोमाग, एकमेकांना आकडा न सांगता मोजावेत, आणि तोच पंधरवडा, तेच डोह पुढच्या वर्षीही धरावेत. ड्रायसूटच्या मनगटाची रबरी पट्टी पहिल्यांदा फाटते, तिचा जादा जोड अर्जातल्या खर्चात आधीच धरून ठेवा.