रूमला तीन स्टार, आबांच्या फेरीला पाच

राजापूरकडे एका होमस्टेला दोन रात्री राहून आलो, नाव देत नाही कारण माणसं चांगली आहेत आणि तक्रारी बारीकच. एसी नावाला, गरम पाणी सकाळी 8 नंतर, आणि पॅकेजमध्ये काय तर रेनडान्स! जिथे वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस कोसळतो तिथे रेनडान्सचे वेगळे पैसे, असो.

खरी गोष्ट पॅकेजमध्ये नाहीच. मालकांचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, विचारलं की सकाळी सड्यावर फिरवून आणतात, तेही फुकट. सडा म्हणजे नुसता जांभ्याचा कातळ, माती कुठे तर भेगेत चिमूटभर, बाकीची पावसाने कधीच धुऊन नेलेली. मी म्हटलं आबा इथे पिकवायचात काय, तर उताराकडे हात करून म्हणाले, ती आमची वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन. मग बसलेच सांगायला, झाडांची कवळ म्हणजे पाल्यासकट कोवळ्या फांद्या तोडायच्या, ती कवळ, शेण, गवत, पातेरा (सुका पाचोळा) असं थरावर थर रचून उन्हाळ्यात दाढ, म्हणजे रोपं करायची जागा, भाजायची, पाऊस पडला की त्यात नाचणीचं रोप टाकायचं. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक (एक भरड धान्य) नाहीतर तीळ, आणि मग काही वर्षं जमीन ओसाड सोडायची कारण तिच्यात दम उरायचाच नाही. भात खालच्या मळ्यात, तोही घरात पुरला तर पुरला. म्हणून घरटी एक जण मुंबईत गिरणीत आणि इकडची चूल मनीऑर्डरवर. 1982 च्या संपात आबांच्या भावाचीही नोकरी गेली.

मग आता सड्यावर दिसतात ते हापूस कुठून आले? 1990 ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा ह्यांनी कातळाला सुरुंग लावून मीटर-मीटरचे खड्डे पाडले न् खालून पाट्यांनी माती वाहून आणली. एका कलमाच्या बुंध्याशी आबांनी पायाने पाचोळा सारला तर खड्ड्याची कड दिसली, तिच्यात सुरुंगाच्या भोकाची अर्धगोल खाच अजून तशीच आहे.

जेवण मस्त, नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी आदल्या दिवशी सांगून ठेवा नाहीतर पनीर येतं. सड्यावर बूट घाला, 9 च्या आत परत या, नंतर कातळ तव्यासारखा तापतो. रेनडान्स आम्ही केला नाही तरी बिलात लागला होता, सांगितल्यावर कमी केला.