हनुवटीचे केस: दोरा, लेझर की सुई? पैसे भरण्याआधी वाचा

मावसबहिणीचा फोन आला तो थेट काउंटरवरून. "दिदी, राजारामपुरीत आलोय. पाय, हात, हनुवटी सगळं मिळून लेझरचं पॅकेज हाय. आजच भरलं तर सूट देतो म्हणालेत. भरू काय?"

तिचं लग्न डिसेंबरात, फोन ऑगस्टच्या शेवटी. म्हटलं, भरू नको, आधी घरी ये. त्या संध्याकाळी दोन कप चहावर तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. माझी पात्रता एवढीच की हनुवटीवर मी बारा वर्षं दोरा फिरवून घेतला, मग लेझर केलं आणि शेवटी दीड वर्ष इलेक्ट्रोलिसिसच्या, म्हणजे सुईतून वीज देऊन एकेका केसाचं मूळ मारण्याच्या, टेबलावर झोपले. (बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणणाऱ्या आम्हा कोल्हापूरच्या बायकांना दाढी मात्र नको असते, त्याला काय करायचं!)

पहिली गोष्ट: पाय आणि हनुवटी हे एकाच पॅकेजमध्ये बसणारे प्रश्नच नाहीत. पायावर हजारो केस असतात, बहुतेक काळे, आणि दोनचार राहिले तरी कुणाचं बिघडत नाही. हनुवटीवर पन्नास असतील, शंभर असतील, पण एक जरी राहिला तरी आपला हात दिवसभर तिथेच जातो. शिवाय हनुवटीच्या केसांना पोटातून खतपाणी मिळत असतं, म्हणजे हार्मोन्सचं. त्यामुळे 'कुठली पद्धत चांगली' असं विचारण्यापेक्षा 'कुठल्या केसाला कुठली' असं विचारावं.

दोरा, वॅक्स, चिमटा यांच्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. केस मुळासकट आल्यासारखा दिसतो, पण केस तयार करणारी जागा आतच राहते आणि काही आठवड्यांत नवा केस हजर. स्वस्त, झटपट, गल्लीत उपलब्ध. त्याची किंमत पुढे कळते: केस आतल्या आत वळतो, केसतोड होते, तिचा काळा डाग महिनोनमहिने राहतो. आणि वर्षानुवर्षं ओढून केसाची वाट आत वाकडी होते. इलेक्ट्रोलिसिसला ही वाकडी वाट नडते, कारण सुईला त्याच वाटेनं जायचं असतं. रेझरला मात्र आपण उगाच बदनाम केलंय. कापल्यानं केस दाट होत नाही, टोक बोथट झाल्यामुळे तो फक्त राठ लागतो.

लेझर काय करतं? केसातल्या काळ्या रंगाला प्रकाश शोषायला लावतं, त्याची उष्णता मुळापर्यंत जाते आणि मूळ दुखावतं. यातच त्याची ताकद आहे आणि अडचणही. ताकद अशी, की एका झटक्यात कितीतरी केसांवर काम होतं. दोन्ही पाय एका बैठकीत उरकतात आणि साधारण सहा ते आठ बैठकांत जाड काळे केस खूपच कमी होतात. अडचण अशी, की तोच काळा रंग आपल्या कातडीतही असतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर चुकीचं मशीन किंवा जास्तीची ताकद म्हणजे चटका आणि डाग. लेझरचे प्रकार प्रकाशलहरीच्या लांबीवरून ओळखतात. आपल्यासारख्या त्वचेला 1064 नॅनोमीटरचं एनडी-यॅग नावाचं लेझर जास्त सुरक्षित मानतात. 755 चं अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेसाठी ठीक, 810 च्या आसपासचं डायोड मधलं. मशीन कुठलं आहे हे विचारल्यावर समोरच्यानं नुसतं "लेटेस्ट आहे मॅडम" म्हटलं, तर उठून यावं.

आणखी एक गोष्ट तिथे कुणी आपणहून सांगत नाही. पांढऱ्या केसात रंगच नाही, त्यामुळे लेझर त्याला पाहतही नाही. बारीक भुऱ्या लवेवरही तेच. उलट गाल आणि गळ्यावरच्या लवेवर लेझर मारल्यावर काही बायकांत ती लव जाड व्हायला लागते. ज्यांना पीसीओडी (बीजकोशांशी जोडलेला हार्मोनचा बिघाड) आहे आणि ज्यांचा वर्ण आपल्यासारखा आहे, त्यांच्यात हे जास्त दिसतं. माझं तेच झालं. हनुवटीचे जाड केस निम्म्याहून कमी झाले, पण जबड्याच्या कडेला, जिथे आधी नुसती लव होती, तिथे काळे केस उगवले. क्लिनिकमध्ये विचारलं तर म्हणाले, "अजून चार सिटिंग वाढवू." वर ते सगळं एप्रिलात चाललेलं. स्टोल बांधून गाडीवर फिरले तरी ऊन लागायचं ते लागलंच, आणि गालावर एक तपकिरी पट्टा आला तो पुढच्या दिवाळीपर्यंत गेला नाही. चूक माझीही होती. भर उन्हाळ्यात चेहऱ्याचं लेझर सुरू करू नये, एवढं मला कळायला हवं होतं.

शब्दांतला एक फरक लक्षात ठेवा. अमेरिकेची एफडीए (औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) लेझरबद्दल 'केस कायमचे कमी होणं' असं म्हणते. 'केस कायमचे काढणं' हे शब्द ती इलेक्ट्रोलिसिससाठी वापरते. आपल्याकडच्या फलकांवर हे दोन्ही 'परमनंट' या एकाच शब्दात कोंबलेलं असतं.

आता सुई.

इलेक्ट्रोलिसिस नवीन नाही. 1875 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं पापणीचे आत वळून बुबुळाला टोचणारे केस काढायला ही युक्ती वापरली. केस ज्या छिद्रातून येतो त्यातूनच केसाइतकी बारीक सुई आत सरकवायची, थोडा वीजप्रवाह द्यायचा, मूळ नष्ट करायचं आणि केस चिमट्यानं उचलायचा. मग पुढचा केस. याचे तीन प्रकार. गॅल्व्हॅनिक पद्धतीत प्रवाहामुळे छिद्रातल्या मीठ-पाण्यापासून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मुळाला खातो. ही सावकाश चालते, पण वाकड्या मुळापर्यंत पोचते. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहानं मुळाशी उष्णता तयार होते, काम सेकंदांत होतं. ब्लेंड म्हणजे दोन्ही एकत्र. माझ्या दोऱ्यानं वाकवलेल्या केसांना ब्लेंडच लागू पडलं.

इथे केसाचा रंग, त्वचेचा रंग काही आड येत नाही. माझ्या आत्तीच्या हनुवटीवर साठीनंतर सहा-सात पांढरे राठ केस आले. हळदी-कुंकवाला बसली की पदर हनुवटीवर. तिला लेझरवाल्यांनी परत पाठवलं तेही बरंच झालं. सुईनं चार-पाच फेऱ्यांत तिचं काम संपलं.

दुखतं का? दुखतं. हनुवटीवर लाल मुंगी चावल्यासारखं, वरच्या ओठावर त्याहून जास्त. ओठाच्या मध्यभागी सुई गेली की डोळ्यांतून पाणी आणि वर शिंक येते. शिंक येतेय असं वाटलं की हात वर करायचा, हे आमचं ठरलेलं होतं. पाळीच्या आधीचे दिवस टाळले तर बरं पडतं. सुन्न करणारं क्रीम मिळतं, पण डॉक्टरांना विचारून आणि थोड्या जागेपुरतंच. ते अंगभर थापू नका.

पण एक गोष्ट दुखता कामा नये: केस ओढल्याची. नीट काम झालेला केस चिमट्यात अलगद निसटून येतो. दोऱ्यासारखी खेच जाणवली तर मूळ जिवंत आहे आणि तुम्ही महागडं प्लकिंग करून घेताय. मी ज्या पहिल्या ठिकाणी गेले तिथे प्रत्येक केस टचकन ओढला जात होता. तीन बैठका मी गप्प बसले, कारण मला फरकच माहीत नव्हता.

नंतर काही तास लाली राहते, डास चावल्यासारख्या गाठी येतात, कधी बारीक खपल्या धरतात. खपल्या खरवडायच्या नाहीत. दिवसभर मेकअप, घाम, वाफ टाळायची आणि पुढे सनस्क्रीन लावायचं. प्रवाह जास्त झाला किंवा एकाच जागी दाटीनं सुया मारल्या तर खड्डे पडू शकतात, काळे डागही. ज्यांच्या जखमेचा वण फुगून वाढतो त्यांनी हे आधीच सांगावं. पेसमेकर असेल तर हा विषय सोडून द्यावा, गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि तिळावरचा केस तीळ तपासून घेतल्यावरच. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. यात भीड धरू नका.

खरी परीक्षा वेळेची. हिशोब करून बघा: सुई घालणं, प्रवाह, उचलणं मिळून एका केसाला पंधरा सेकंद धरली तर तासाला 240 केस. हनुवटीला हे परवडतं. दोन्ही पाय याच हिशोबानं करायचे म्हटलं तर संसार सोडून तिथेच राहायला जावं लागेल. त्यात सगळे केस एकदम वर नसतात. काही वाढत असतात, काही झोपलेले. म्हणून साफ केलेली जागा महिन्याभरात पुन्हा भरते आणि वाटतं, फसलो. फसलेलं नसतं, ते नंतर जागे झालेले केस असतात. चेहऱ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. सुरुवातीला दर आठवड्या-पंधरवड्याला, मग बैठका विरळ होत जातात. मला फरक दिसला तो चौथ्या-पाचव्या महिन्यात, तोही आरशाआधी बोटांना.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट मशीनच्या बाहेरची आहे. लेझरच्या आदल्या दिवशी केस रेझरनं काढून जायचं असतं. सुईच्या वेळी केस दोन-तीन मिलिमीटर बाहेर दिसावा लागतो, म्हणजे चिमट्यात धरता येतो. मधल्या काळात कात्री चालते, दोरा अजिबात नाही. बैठकीआधीचे तीन-चार दिवस हनुवटीवर खुंट घेऊन कॉलेजमध्ये शिकवायचं, महाद्वार रोडवर भाजी घ्यायची, सासूबाईंसमोर बसायचं. मला सुईपेक्षा हे जास्त टोचलं. मास्क लावून दिवस काढले. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आधीच ओळखावं, त्यात लाज नाही.

कोल्हापुरात लेझर शोधावं लागत नाही, ते आपल्याला शोधत येतं. इलेक्ट्रोलिसिस मात्र मला विचारत फिरावं लागलं. तीन ठिकाणी "ते जुनं झालं, लेझर करा" हेच उत्तर मिळालं. शेवटी मिरजेला जायचे, पंधरवड्याला एकदा, रेल्वेनं. म्हणून पैसे मोजताना जाण्यायेण्याचे आणि बुडालेल्या अर्ध्या दिवसाचेही धरा. लेझर पॅकेजवर विकतात, सुई बहुधा मिनिटांवर. सुईची एक बैठक खिशाला हलकी वाटते, वर्षाची बेरीज नाही. ऑनलाइन मिळणारे विजेचे चिमटे मात्र घेऊ नका. केसातून वीज मुळापर्यंत जात नाही, तो चिमटाच असतो.

या सगळ्याच्या आधी पोटाचं, म्हणजे हार्मोन्सचं, बघा. पाळी पुढेमागे होते, वजन वाढतंय, मुरुम आहेत, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनचे डॉक्टर. केस अचानक, झपाट्यानं वाढले किंवा आवाज बदलला तर थांबूच नका. सुईनं मेलेला केस परत येत नाही, पण हार्मोन चढे असतील तर शेजारची लव नव्यानं जाड होत राहते आणि तुम्ही गळकी बादली भरत बसता. औषधांचा केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी जातात, म्हणून औषध आणि सुई एकत्र चालू ठेवण्यात शहाणपण.

मावसबहिणीचं आम्ही असं ठरवलं. पाय: लग्नापुरतं वॅक्स, लेझर नंतर, हिवाळ्यात, मशीन विचारून. हनुवटी: लेझर नाही. रक्ताच्या तपासण्या या आठवड्यात. सुई आत्ताच सुरू केली तर तीन-चार महिने हातात आहेत, तेवढ्यात संपणार नाही, पण विरळ होईल. लग्नाआधीचे दोन आठवडे काहीच करायचं नाही, कारण ताज्या सुयांवर हळद चोळली तर नवरी नुसती पिवळी नाही, लालही दिसेल.

"आणि तोवर दोरा?" तिनं विचारलं.

"बंद. आजपासून."

तिनं हनुवटीवर हात ठेवला, चहा संपवला आणि म्हणाली, "मग कात्री तरी दे, बारकी असली तर."