आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम: चार महिने तोंडाला लावून

कोल्हापुरात माझी मिसळीची गाडी आहे. पहाटेपासून कटाच्या पातेल्यावर तोंड. चाळिशी उलटली तसं नाक आणि गाल लाल राहायला लागले, वर बारीक पुटकुळ्या. गिऱ्हाइकं डोळा मारून विचारायची, "काय मालक, सकाळी सकाळीच?" गळ्यात माळ आहे माझ्या, थेंबाला शिवलो नाही कधी. पण नाक बघून कोण विश्वास ठेवणार?

आधी एका मेडिकलवाल्यानं पिंपल्सची म्हणून ट्यूब दिली. तीन दिवसांत तोंड गुळगुळीत. थांबवली की दुप्पट. असं आठ महिने. ती स्टेरॉइडची निघाली. त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी ट्यूब बघून कपाळावर हात मारला. म्हणाल्या, हा रोझेशिया, म्हणजे तोंडावर लाली आणि पुटकुळ्या आणणारा त्वचेचा आजार, आणि या ट्यूबनं त्यात तेल ओतलंय.

मग त्यांनी काचेच्या पट्टीवर फेविक्विकसारख्या गोंदाचा थेंब घेतला, गालावर मिनिटभर दाबून धरला आणि पट्टी सोलून काढली. मायक्रोस्कोपखाली मलाही दाखवलं: लांबट शेपटाचे, पुढच्या टोकाला आखूड आखूड पाय असलेले जीव. डेमोडेक्स. कोळी-गोचिडांच्या भावकीतले, पायही तसेच आठ. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, राहायला केसाच्या मुळाशी. चौरस सेंटिमीटरला पाचापेक्षा जास्त सापडले तर जास्त धरतात. माझ्या पट्टीवर चौदा!

घरी सांगितलं आणि बायकोनं त्याच रात्री उशांचे अभ्रे उकळायला टाकले. ते अस्वच्छतेमुळं होत नाही, बहुतेक मोठ्या माणसांच्या तोंडावर थोडे असतातच, हे तिला पटवायला मॅडमना फोन लावून द्यावा लागला. किड्यांमुळं रोझेशिया होतो की रोझेशियामुळं किडे वाढतात, याचा निकाल डॉक्टर लोकांतही लागलेला नाही म्हणे.

आता मॅडमनी लिहून दिलेल्या क्रीमबद्दल. रात्री तोंड धुऊन कपाळ, हनुवटी, नाक, दोन्ही गाल, प्रत्येकी मटारच्या दाण्याएवढं. डोळे-ओठ सोडून. वास नाही, चिकटत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत चुरचुर झाली, पुटकुळ्या उलट वाढल्या, ट्यूब फेकणारच होतो. सहाव्या आठवड्यापासून उतार पडला. बाराव्याला पुटकुळ्या जवळजवळ गेल्या. हे औषध किडेही मारतं आणि सूजही उतरवतं, म्हणून यातलं श्रेय नक्की कशाचं ते मला विचारू नका.

भावाच्या गोठ्यात म्हशींना गोचीड झाले की हेच औषध टोचतात. ते ऐकून एकानं मला गोठ्यातलीच बाटली तोंडाला चोळायचा सल्ला दिला. असला शहाणपणा करू नका. ज्या जपानी मातीतल्या जंतूपासून हे निघालं, तो शोधणाऱ्या सातोशी ओमुरांना २०१५ साली नोबेल मिळालं. माणसाच्या तोंडासाठी वेगळं क्रीम बनवलंय ते उगीच नाही.

एक तारा कापतोय. लाली आणि नाकावरच्या बारीक लाल शिरा जशाच्या तशा आहेत. त्यावर हे चालत नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, ट्यूबच्या खोक्यावर मात्र कुठं दिसलं नाही. ऊन, वाफ, तिखट, गरम चहा टाळा म्हणाल्या. चहा कोमट करून पितो. सनस्क्रीन लावतो, पोरगं हसतं. कटाचं पातेलं आता पुतण्या सांभाळतो, मी पाव आणि गल्ला. गिऱ्हाईक विचारायचं थांबलंय, एक दोघं सोडून.